गाडीचा मुका आरसा आणि शेषवत् अनुमान

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आढळतात. ‘बिघडलें, नवें आणा’ ही एक. आणि ‘त्यांतलें नेमकें काय बिघडलें?’ असें विचारण्याची दुसरी. पहिलीस पैसा लागतो; दुसरीस घटकाभर स्वस्थ बसून विचार करण्याची तयारी लागते. या सदरांतून आम्ही घरगुती यंत्रांविषयीं लिहीत असतों, तें कोणास कारागीर बनविण्याच्या हेतूनें नव्हे. कारागिरी हातास यावी लागते. ती लेखांनीं येत नाहीं. परंतु कारागिरास बोलावण्यापूर्वीं विचाराचा जो क्रम घरच्या घरीं लावतां येतो, तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास साधण्यासारखा आहे. या महिन्यांत त्यासाठीं आम्हीं एक लहानसा विषय घेतला आहे : गाडीच्या बाजूस असणारा, विजेच्या बटणानें हलणारा आरसा हलेनासा झाला, तर दोष कसा हुडकावा.

आरंभीं शब्दांचा एक खुलासा. आपल्या बोलण्यांत चार चाकांच्या वाहनासही मोटार म्हणतात, आणि वीज मिळतांच फिरणाऱ्या लहान यंत्रासही तेंच नांव आहे. घोटाळा नको म्हणून या लेखांत वाहनास ‘गाडी’ आणि यंत्रास ‘मोटर’ म्हटलें आहे.

गाडीस आरसा लावण्याची कल्पना फार जुनी नाहीं. इंग्लंडांतील डोरोथी लेव्हिट नांवाच्या बाईंनीं गाडी हांकणाऱ्या स्त्रियांसाठीं १९०९ सालीं एक पुस्तक लिहिलें. हाताचा एक लहान आरसा जवळ बाळगावा आणि मागचा रस्ता पाहण्यास तो मधून मधून वर धरावा, अशी सूचना त्यांत त्यांनीं केली आहे. पुढें १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. इतर स्पर्धकांच्या शेजारीं मागें नजर ठेवणारा एक मिस्त्री बसलेला असे. रे हॅरून हा गृहस्थ मात्र एकटाच गाडी चालवीत होता. त्यानें आपल्या गाडीवर आरसा बसविला, आणि ती शर्यत त्यानेंच जिंकली. म्हणजे आरसा हा गाडीचा अलंकार नव्हे. शेजारीं बसून मागचें वर्तमान सांगणाऱ्या माणसाच्या जागीं तो आलेला आहे. अशा माणसानें मौन धरलें तर त्याची उपेक्षा करून चालणार नाहीं.

बटणानें हलणारा आरसा ही श्रीमंतांची चैन आहे, असें कित्येकांचें मत असतें. एकाच माणसाच्या हातीं गाडी असेल तर तें कांहीं अंशीं खरेंही आहे. आरसा एकदां बसविला कीं काम भागतें. एकत्र कुटुंबांत तसें होत नाहीं. आमच्याच घरीं एक गाडी तिघे जण चालवितात : थोरले चिरंजीव, त्यांची पत्नी म्हणजे आमच्या सूनबाई, आणि धाकट्या बंधूंचा मुलगा. हा पुतण्या अंगानें ताडमाड; सूनबाई त्याच्या खांद्यास लागतात. तो आसन मागें सारून बसतो, त्या पुढें ओढून बसतात. एकाच्या डोळ्यास जुळविलेला आरसा दुसऱ्याच्या उपयोगीं कसा पडावा?

आरसा जितके अंश फिरतो त्याच्या दुप्पट अंश त्यावरून परावृत्त होणारा किरण फिरतो, हें शाळेंत शिकलेलें पुष्कळांस स्मरत असेल. सपाट आरसा अवघा १ अंश कलला तरी दृष्टीची रेषा २ अंश कलते, आणि २० मीटर मागें ती सुमारें ७० सेंटीमीटर बाजूस सरकते. तेवढ्या जागेंत एक सायकलस्वार सहज मावतो. गेल्या पावसाळ्यांत आमच्या गाडीचा डावा आरसा असाच पुतण्याच्या डोळ्यास जुळलेल्या स्थितींत थिजला. सूनबाईंना त्यांत रस्त्याऐवजीं शेजारच्या घरांच्या गॅलऱ्या दिसत. एके दिवशीं डावीकडच्या बोळांत वळतांना एक स्कूटरवाला अगदीं दाराशीं येईपर्यंत त्यांना दिसला नाहीं. त्यानें वेळींच आरोळी दिली म्हणून अनर्थ टळला. त्या दिवसापासून तो आरसा दुरुस्त होईतों गाडी दाराशींच उभी राहिली.

आतां या आरशाच्या पोटांत काय असतें तें पाहूं. कांचेच्या मागें सुपारीएवढ्या दोन मोटरी असतात. एक कांच वरखालीं कलविते, दुसरी डावीउजवीकडे. मोटर वेगानें फिरते. तिचा वेग दातेरी चाकांनीं पुष्कळ कमी करून कांच हळूहळू हलविली जाते. कांच शेवटास टेंकली तर मोटर जळूं नये म्हणून त्या चाकांत घसरण्याची सोय ठेवलेली असते. शेवटीं जो ‘टक् टक्’ आवाज येतो तो तिचाच. साध्या रचनेच्या गाडींत या कामासाठीं आरशाकडे तीन तारा जातात : वरखालींच्या मोटरीची एक, आडव्या मोटरीची एक, आणि दोहींची मिळून सामाईक अशी एक. मोटर उलट फिरवावयाची झाली तर स्विच त्याच दोन तारांतून प्रवाह उलट्या दिशेनें सोडतो. त्यासाठीं निराळी तार नसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील बहुतेक अनुमान तिच्यावर उभें आहे.

स्विच चालकाच्या हाताशीं, बहुधा त्याच्याच दारावर असतो. त्यांत दोन भाग असतात. एकानें डावा आरसा कीं उजवा तें ठरवावयाचें. दुसऱ्यानें वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे यांपैकीं दिशा द्यावयाची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळें उजव्या आरशाच्या तारा बहुधा त्याच दारांतल्या दारांत राहतात. डाव्या आरशाच्या तारांस मात्र उजव्या दारांतून गाडींत, आणि गाडींतून डाव्या दारांत, असा प्रवास करावा लागतो. म्हणजे दोन बिजागऱ्या ओलांडाव्या लागतात. दार आणि गाडी यांच्या सांध्यांत चुणीदार रबराची जी नळी दिसते, तिच्यांतून त्या जातात. दार उघडतांना आणि मिटतांना तेथें त्या प्रत्येक वेळीं वांकतात. तांब्याची तार पुन्हां पुन्हां एकाच जागीं वांकली म्हणजे तुटते, आणि पुष्कळदां वरचें आवरण शाबूत राहून आंतलें तांबेंच तुटतें. बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं.

एवढी रचना समजली म्हणजे पुढचें काम हातांचें कमी आणि तर्काचें अधिक आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं शेषवत् याचा अर्थ भाष्यकार वात्स्यायन दोन तऱ्हांनीं लावतात. पहिला अर्थ, कार्यावरून कारण ओळखणें. नदीचें पाणी चढलेलें पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असें म्हणावें, तसें. दुसरा अर्थ, ज्या ज्या शक्यता असतील त्यांतून न जुळणाऱ्या एकेक वगळीत जावें आणि शेष राहील ती स्वीकारावी. आरशाच्या दोषास हा दुसरा अर्थ फार उपयोगी पडतो. आणि वगळण्यास आधार कोणता? तर बिघडलेल्या यंत्रांतील जो भाग अजून चालतो, तो. लोक काय चालत नाहीं तेवढेंच सांगतात. काय चालतें हें विचारल्यावांचून सांगत नाहींत. वस्तुतः चालणारा भाग हाच येथें खरा साक्षीदार होय.

या साक्षीदाराची तपासणी क्रमानें करूं.

पहिला प्रकार : दोन्ही आरसे एकदम बंद. दोहोंच्या मिळून चार मोटरी एकाच दिवशीं जळाव्या, हें संभवत नाहीं. येथें दोष दोहोंस सामाईक अशा जागींच पाहिला पाहिजे. किल्ली योग्य स्थितींत फिरविली आहे ना, आणि निवडीचा खटका मधल्या, म्हणजे कोणत्याच आरशाचा नसलेल्या, जागीं तर राहिला नाहीं ना, हें आधीं पाहावें. नंतर फ्यूज. कोणता फ्यूज कशाचा, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. पुष्कळदां तोच फ्यूज दुसऱ्याही एखाद्या उपकरणाचा असतो. तें चालत असेल तर फ्यूज निर्दोष ठरला. जळलेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच अँपियरचा बसवावा, मोठा कदापि बसवूं नये. नवाही जळला तर कोठें तरी तार सोलवटून पत्र्यास लागत आहे असें समजावें. फ्यूज ठीक असेल तर स्विच, किंवा त्यास वीज आणणारी तार, एवढेंच शेष राहतें.

दुसरा प्रकार : एक आरसा चारी दिशांस मुका, दुसरा ठीक. येथें फ्यूज, किल्ली आणि बहुधा दिशांचें बटण हीं निर्दोष ठरलीं, कारण दुसरा आरसा त्यांच्याच जोरावर चालतो. उरल्या त्या आरशाच्या दोन मोटरी, त्यांच्या तारा, तारांचा कपलर आणि निवडीचा खटका. यांतही तारतम्य आहे. दोन मोटरी एकदम जळाल्या असें मानणें म्हणजे दोन कारणें मानणें. सामाईक तार तुटली किंवा कपलर सुटला असें मानणें म्हणजे एकच कारण मानणें. नैयायिक ज्यास लाघव म्हणतात तें दुसऱ्या कल्पनेंत आहे. म्हणून आधीं तार आणि कपलर पाहावेत.

तिसरा प्रकार : आरसा वरखालीं हलतो, आडवा हलत नाहीं. सामाईक तार येथें निर्दोष ठरली, कारण वरखालींची मोटर तिच्यावरच चालते. उरली ती आडवी मोटर, तिची एकटीची तार आणि स्विचमधील तेवढा संपर्क.

चौथा प्रकार : आरसा एका दिशेस जातो, पण त्याच रेषेंत परत येत नाहीं; वर जातो, खालीं येत नाहीं. येथें मोटरही निर्दोष आणि तारही निर्दोष, कारण परत येण्यासाठीं त्याच मोटरींतून, त्याच तारांतून प्रवाह जावयाचा असतो. दुसरा आरसाही त्याच दिशेस अडत असेल तर दोष बटणाच्या आंतील संपर्कांत आहे. दुसरा आरसा ठीक चालत असेल तर मात्र वीज सोडून द्यावी आणि कांच कशास अडकली आहे काय, दातेरी चाक झिजलें आहे काय, तें पाहावें.

पांचवा प्रकार : मोटरीचा आवाज येतो, कांच हलत नाहीं. आवाज हीच विजेची साक्ष आहे. फ्यूज, तार, स्विच यांकडे पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. एक तर चाकाचे दांते गेले, किंवा कांचेची मागची पाटी आपल्या खांचेंतून निसटली.

सहावा प्रकार : कधीं चालतो, कधीं नाहीं. हा सर्वांत त्रासदायक खरा, पण सर्वांत बोलकाही हाच. एकानें बटण दाबून धरावें, दुसऱ्यानें दार हळूहळू उघडावें आणि मिटावें. दाराच्या हालचालीबरोबर आरसा जागा होत असेल तर रबरी नळींतील तारेवांचून दुसरें कारण शोधूं नये.

आमच्या गाडीच्या आरशाचा प्रकार दुसरा होता. एका दुरुस्तीच्या कारखान्यांत गाडी दाखविली, तेव्हां आरसा आवरणासह संपूर्ण बदलावा लागेल, आणि रंगासह साडेआठ हजार रुपये पडतील, असा अंदाज मिळाला. घरीं बोलणें निघालें तेव्हां सूनबाईच म्हणाल्या, “मामंजी, पण दोन्ही मोटरी एकदम कशा जळतील?” प्रश्न बरोबर जागीं लागला होता. रविवारीं सकाळीं त्यांनीं आरशाच्या आंतल्या बाजूची त्रिकोणी पट्टी काढली आणि तिच्यामागील कपलर मोकळा केला. नातू चालकाच्या आसनावर बसून बटण दाबी. त्या कपलरच्या टोंकांस मीटर लावून आंकडे सांगत.

ही परीक्षा सोपी आहे. संपर्क ठीक असेल तर एका दिशेचें बटण दाबतांच मीटरवर सुमारें १२ व्होल्ट दिसतात, उलट दिशेचें दाबतांच उणें १२ दिसतात. कपलरपर्यंत वीज पुरेशी येत असेल तर दोष आरशांत. येत नसेल तर दोष अलीकडे. सबंध दुरुस्तीचा निकाल या एका प्रश्नावर लागतो. येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगणें अवश्य आहे. मीटरास स्वतःस प्रवाह जवळजवळ लागतच नाहीं. तार तुटून तिचा केसाएवढा एकच धागा उरला असला तरी मीटर १२ दाखवितो. मोटर मात्र त्यावर हलत नाहीं. यासाठीं मीटरबरोबर १२ व्होल्टचा लहानसा दिवाही लावून पाहावा. दिवा झगझगीत लागला तर वीज खरी आली.

आमच्या येथें दार उघडें असतां मीटर १२ दाखवी, आणि दार मिटत आणलें कीं शून्य होई. दिवा तर दोन्ही वेळां लागला नाहीं. रबरी नळी मागें सारून एकेक तार हलकेंच ओढून पाहिली; सामाईक तार आवरणाच्या आंत तुटलेली निघाली. जोड मात्र आम्हीं घरीं दिला नाहीं. गाड्यांचें विजेचें काम करणाऱ्या एका वायरमनास बोलावलें. तार, आवरण आणि त्याची मजुरी मिळून चारशें रुपयांच्या आंत काम झालें.

जोड देण्यासंबंधीं त्या कारागिरानें जें केलें तें सांगण्यासारखें आहे. तुटल्या जागींच डाख देऊन तो मोकळा झाला नाहीं. डाखाचा भाग ताठ होतो, आणि ताठ भागाच्या कडेशीं वांकणारी तार पुन्हां तुटते. त्यानें वांकणारा सर्व तुकडा काढून तेथें बारीक धाग्यांची नवी लवचिक तार घातली, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, जेथें तार हलत नाहीं तेथें घेतले. वर उष्णतेनें आकसणारें आवरण चढविलें. तार दार पूर्ण उघडल्यावरही ताणली जाणार नाहीं इतकी सैल ठेवली, आणि मग नळी जागच्या जागीं नीट बसविली. ती निसटलेली राहिली तर पावसाचें पाणी आंत शिरून कपलरच्या पितळेवर हिरवा गंज चढतो.

दोष कांचेमागें निघाला तर कांच काढावी लागते. हातमोजे आणि डोळ्यांस चष्मा असल्यावांचून कोणी हें करूं नये. कांचेवर आधीं चिकटपट्टी लावावी, म्हणजे तडकली तरी तुकडे उडत नाहींत. बहुतेक कांचा मागच्या पाटीवर खटक्यानें बसविलेल्या असतात. एक कड आंत दाबून दुसरी पुढें आली कीं तिच्याखालीं बोथट प्लॅस्टिकची पट्टी घालून सावकाश सोडवावी. जिची कांच तापण्याची सोय असते तिच्या मागें दोन तारा आणखी असतात; त्या उपटूं नयेत. नवी कांच घेतांना जुनीसारखीच घ्यावी. बाह्यगोल कांचेच्या जागीं सपाट बसविली तर चित्र मोठें दिसतें, पण दिसणारा रस्ता कमी होतो.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अलीकडच्या कित्येक गाड्यांत दारांत एक लहानसा संगणक असतो. बटण त्यास केवळ संदेश देतें आणि आरशास वीज तो देतो. तेथें वरील तीन तारांचा हिशेब जसाचा तसा लागू पडत नाहीं, आणि दोष वाचणारें यंत्र ज्याच्यापाशीं आहे त्याच्याकडेच जावें लागतें. दुसरें, कपलर सोडविण्यापूर्वीं किल्ली काढून घ्यावी, आणि अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या पिशव्यांच्या तारांस, ज्यांचें आवरण बहुधा पिवळें असतें, हातसुद्धां लावूं नये.

ज्यांनीं आम्हांस संपूर्ण आरसा बदलण्यास सांगितलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्या माणसाचा तास मोलाचा असतो. एक तार हुडकण्यापेक्षां भाग बदलणें त्यांस सोयीचें पडतें, आणि आवरण फुटलें असेल किंवा दांते झडले असतील तर तोच सल्ला योग्यही ठरतो. पण आमच्या गाडीस नवा आरसा बसविला असता, तर तो त्याच तुटक्या तारेच्या टोंकाशीं येऊन मुकाच राहिला असता. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं कुटुंबांतील कोणीं तरी एवढेंच विचारावें : “कपलरपर्यंत वीज येते कीं नाहीं, तें पाहिलें काय?” याचें उत्तर ज्यास देतां येतें त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें सोंपवावी. आणि दुरुस्ती होईपर्यंत, गाडी ज्याच्या हातीं जाईल त्यानें निघण्यापूर्वीं तो आरसा हातानें हलकेंच दाबून आपल्या डोळ्यास जुळवून घ्यावा. बहुतेक आरशांस तेवढें सोसतें. तें होत नसेल तर दुसऱ्यासाठीं लावलेल्या आरशावर भरंवसा ठेवून रस्त्यावर जाऊं नये.